कुळाचा विषाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या प्रथम अध्यायास 'अर्जुनविषादयोग' असे नाव आहे. ज्या ग्रंथास उपनिषदांचे सार मानावयाचे, त्याचा आरंभ एका महाशूराच्या खचून जाण्याने व्हावा, याचे नवल नित्य पाठ करणाऱ्यांसही क्वचितच वाटते. तोंडाला कोरड पडली, अंगास कंप सुटला, त्वचा जळू लागली, गांडीव हातातून गळू लागले, उभे राहण्याचे बळ उरले नाही, मन भोवंडून गेले, ही सारी लक्षणे अर्जुन स्वतःच सांगतो. त्यापुढे तो ज्या विषयाकडे वळतो तोही लक्षात घेण्याजोगा आहे. जय आणि राज्य यांच्याविषयी दोन शब्द बोलून तो कुळाविषयी बोलू लागतो. कुळाचा क्षय, कुळाचे दोष, पितरांची अधोगती यांचाच विचार त्याच्या मनात घोळू लागतो. विषादाने घेरलेल्या मनुष्याची दृष्टी आपल्या कुळाकडे वळते आणि तेथेही तिला अंधारच दिसतो.

हा अनुभव कुरुक्षेत्रापुरता नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. भोसल्यांच्या अमलात नागपूरकडून छत्तीसगढात आलेली अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिली आहेत. तसेच हेही एक असे समजावे. आजोबा उतारवयात बोलेनासे झाले आणि तशाच अवस्थेत गेले. आत्या लग्नानंतर दोन वर्षांनी माहेरी परत आली, ती पुढे माजघराबाहेर फारशी पडली नाही. वडील नोकरी नेटाने करीत, परंतु दर काही वर्षांनी चार-सहा महिने असे येत की त्यांस सकाळी अंथरुणातून उठणे जड होई, जेवणाची वासना उडे, आणि मुलांशी दोन शब्द बोलणेही नको होई. घरात या गोष्टीला नाव नव्हते. 'यांचा स्वभावच तसा' एवढे म्हटले की विषय संपे. आता पंचविशीतील मुलगा पहाटे तीन वाजता जागा होऊन छताकडे पाहत पडून राहतो. झोप गेल्याचे दुःख त्याला फारसे नाही. वडिलांचाच चेहरा आपल्या चेहऱ्यावर उतरत आहे, या विचाराने तो भयभीत झालेला आहे. 'हे आमच्या रक्तातच आहे काय?' हा प्रश्न तो कोणास विचारीत नाही. आईला विचारावा, तर ती रडेल. वडिलांना विचारावा, तर त्यांस आपण अपराधी आहोत असे वाटेल.

या प्रश्नास प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. 'तसे काही नसते' असे म्हणून त्या मुलाची बोळवण करणे म्हणजे असत्य बोलणे होय. नैराश्याचा विकार काही अंशी कुळातून येतो. एकाच गर्भातून विभागलेली जुळी आणि साधी जुळी यांची तुलना करून विद्वानांनी हा अंश मोजण्याचा यत्न केला. अशा अनेक अभ्यासांचा एकत्र विचार करून 2000 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे माणसामाणसांत या विकाराच्या बाबतीत जो भेद दिसतो, त्यातील शेकडा सुमारे 37 भाग जन्मजात घडणीचा आणि उरलेला जीवनात वाट्यास येणाऱ्या परिस्थितीचा ठरतो. आईवडील किंवा सख्खे भावंड यांस हा विकार झाला असेल, तर इतरांच्या मानाने त्या व्यक्तीस तो होण्याचा संभव सुमारे दुप्पट-तिप्पट असतो.

हे आकडे ऐकून पुष्कळांची छाती दडपते. पण ती अर्धवट ऐकल्यामुळे. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिका विज्ञान संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत जी पाहणी केली, तीत छत्तीसगढही होते. त्या पाहणीत आयुष्यात केव्हातरी हा विकार झालेले लोक शंभरात पाचांच्या आसपास आढळले. ही संख्या तिप्पट धरली तरी पंधरा-सोळा होतात. म्हणजे ज्यांच्या घरात हा विकार आहे, अशांतीलही शंभरात ऐंशीहून अधिक माणसांस तो होत नाही. शिवाय या विकाराचे असे एकच एक बीज नाही. बीजे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचा वाटा अल्प आहे. कुळाकडून जमीन मिळते. तीत कोणते पीक उभे राहील हे पाऊस, खत, मशागत आणि ऋतू यांवर अवलंबून असते. छत्तीसगढच्या धानउत्पादक शेतकऱ्यास हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु कुळातून येते ते केवळ रक्तातूनच येते असेही नाही. ज्या घरात दुःखाविषयी बोलायचे नाही असा अलिखित नियम आहे, त्या घरातील मूल मौनही शिकते. वडील दाराकडे पाठ करून निजलेले आहेत आणि घरातील सर्वजण चवड्यांवर चालत आहेत, हे दृश्य ज्याने लहानपणी पाहिले, त्यास स्वतःवर तशी वेळ आली की पाठ फिरवून निजणे हाच एक मार्ग ठाऊक असतो. हा वारसा जन्मजात घडणीपेक्षा कमी बळकट नाही. मात्र तो मोडता येतो.

आणखी एक वारसा आहे, तो दोष देण्याचा. कोणी म्हणतो पितृदोष आहे, कोणी म्हणतो पूर्वजन्मीचे पाप आहे, कोणी करणी झाली म्हणून बैगाकडे जातो. छत्तीसगढच्या खेड्यापाड्यांत तर घरातील दुखण्याचे खापर शेजारच्या एखाद्या निराधार विधवेच्या माथी 'टोनही' म्हणून फोडले गेल्याची उदाहरणे इतकी झाली की 2005 साली राज्याला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. एका घरातील विषादापायी दुसऱ्या घरातील अबलेचा छळ व्हावा, याहून मोठा अधर्म कोणता? कर्मसिद्धान्त हा मनुष्याने स्वतःच्या आचरणाकडे पाहण्यासाठी आहे. रोग्याच्या उशाशी बसून त्याच्या पापाचा हिशेब मांडण्यासाठी तो कोणी सांगितलेला नाही.

येथे गीतेचे नित्य वाचन करणारा एखादा गृहस्थ विचारील की, अठराव्या अध्यायात तर भगवंतांनी निद्रा, भय, शोक आणि विषाद यांस न सोडणाऱ्या धृतीस तामसी म्हटले आहे. मग विषादग्रस्त मनुष्य तामसी नव्हे काय? शब्दांकडे नीट पाहावे. तेथे विषय धृतीचा आहे, म्हणजे धरून ठेवण्याचा आहे. विषाद उत्पन्न होणे वेगळे आणि तो सोडण्याची शक्ती असताही कवटाळून बसणे वेगळे. ज्याच्या मेंदूचे व शरीराचे व्यापारच मंदावले आहेत, ज्याला निद्रा हवी असून मिळत नाही, त्याने काही कवटाळलेले नसते. त्यालाच कोणी कवटाळलेले असते. अशास तामसी म्हणणे म्हणजे तापाने फणफणलेल्यास क्रोधी म्हणण्यासारखे आहे. शिवाय हे लक्षण साधकाने स्वतःस लावून पाहावयाचे आहे. सुनेला किंवा धाकट्या भावाला लावण्यासाठी ते दिलेले नाही, आणि दुर्दैवाने घरोघर त्याचा उपयोग त्यासाठीच अधिक होतो.

दुसऱ्या अध्यायाचा आरंभही या दृष्टीने पुन्हा वाचावा. रथात बसलेल्या अर्जुनास भगवंत प्रथम जे बोलतात ते फटकारण्याचे बोल आहेत. हे मोहाचे सोंग या अवघड वेळी कोठून आले, दुबळेपणा टाक, ऊठ, असा त्यांचा आशय आहे. त्याचा परिणाम काय झाला? अर्जुन उठला नाही. त्याने आपली व्यथा पुन्हा सांगितली, मी लढणार नाही असे म्हटले आणि तो गप्प झाला. साक्षात भगवंतांच्या मुखातून आलेल्या 'ऊठ' या शब्दानेही जे झाले नाही, ते शेजाऱ्याच्या 'जरा मन घट्ट कर' या उपदेशाने होईल अशी अपेक्षा लोक कशी करतात, हे कळत नाही. पुढे अठराव्या अध्यायापर्यंत जे घडते ते निराळे आहे. भगवंत रथ सोडून जात नाहीत. अर्जुन शंका घेतो, तीच शंका फिरवून पुन्हा विचारतो, मध्येच भितो, आणि प्रत्येक वेळी त्यास उत्तर मिळते. ज्या घरात एक माणूस विषादात आहे, त्या घरातील इतरांनी गीतेतून प्रथम घ्यावयाचे ते हे सारथ्य होय.

कुळाच्या प्रश्नाविषयी महाभारतच आणखी काही सांगते. अर्जुनाचा विषाद युद्धापूर्वीचा. युद्ध संपल्यावर शांतिपर्वात धर्मराज तसाच खचतो, राज्य नको, वनात जातो म्हणतो. एकाच मातेचे दोन पुत्र, आणि दोघांवरही ही वेळ आली. भीमावर तशी आली नाही. कुळ एक, वाट्याला आलेले दुःख एक, तरी एक भाऊ मोडतो आणि दुसरा मोडत नाही. आणि धर्मराजाची समजूत घालण्यास प्रथम पुढे होतो तो अर्जुनच! ज्याच्या हातातून गांडीव गळले होते, तोच आता वडील भावास राजधर्म सांगू लागतो, आणि त्याचे बोलणे काहीसे कठोरच होते. धर्मराजावर त्याचा परिणाम होत नाही. मग भीम बोलतो, नकुल-सहदेव बोलतात, द्रौपदी बोलते, व्यास येतात, श्रीकृष्ण समजावतात, आणि शेवटी सर्वजण त्यास शरशय्येवरील भीष्मांकडे घेऊन जातात. कोणीही त्यास एकटा सोडीत नाही. घरच्यांनी न झाल्यास जाणत्याकडे न्यावे, हा पाठ त्यात आहे.

रायपूरशी ज्यांचे नाव कायमचे निगडित आहे अशा एका थोर मराठी पुरुषाचे चरित्र येथे आठवते. माधवराव सप्रे यांनी 1900 साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले आणि पुढे लोकमान्यांच्या 'केसरी'चे विचार हिंदी वाचकांस देण्यासाठी नागपूरहून 'हिंदी केसरी' चालविला. 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली ते पकडले गेले. वडील बंधूंच्या आग्रहास्तव त्यांनी क्षमापत्रावर सही केली आणि ते सुटले. सुटले खरे, परंतु त्यांच्या मनाची सुटका झाली नाही. ज्यास कीर्तीची हाव नव्हती, अशा त्या मानी पुरुषास स्वतःचे तोंड दाखवणे नकोसे झाले. त्यांच्या त्या अवस्थेस कोणत्याही रोगाचे नाव देणे योग्य नव्हे; ती पश्चात्तापाची वेदना होती आणि तिला कारण होते. विकाराचा विषाद पुष्कळदा कारणावाचून येतो, आणि कारण असले तरी त्याच्या मानाने अतोनात वाढतो. दोहोंतील हा भेद विसरता कामा नये.

तथापि त्यातून ते कसे बाहेर आले हे पाहण्याजोगे आहे. वर्ध्याजवळील हनुमानगढ येथील रामदासी मठात ते राहिले, मधुकरी मागून जेवले, आणि समर्थांच्या 'दासबोधा'ची पारायणे केली. त्यांस आश्रय मिळाला, मार्गदर्शन करणारा मिळाला, दिवसाची बांधणी मिळाली. झोळी घेऊन रोज दारोदार फिरणे म्हणजे रोज उठून माणसांसमोर जाणे. लाजेने लपू पाहणाऱ्या मनास याहून अचूक पथ्य कोणते असते? मग ते रायपुरास परतले. त्यांनी 'दासबोध' हिंदीत आणला, मुलींसाठी शाळा काढली, आणि लोकमान्यांनी मंडाल्याच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'चे हिंदी भाषांतर केले. ते 1916 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या वृत्तपत्राच्या कार्यात आपण खचलो, त्यांच्याच ग्रंथाची सेवा करण्याचे भाग्य त्यांस लाभले. 1924 साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले आणि 1926 मध्ये रायपुरातच त्यांचा देह पडला.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की पारायण केले म्हणजे औषध नको. सप्रे यांची व्यथा वेगळी होती हे वर सांगितलेच आहे. ज्याचे मन दोन आठवडे किंवा अधिक काळ बहुतेक सर्व दिवस उदास राहते, ज्यास पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस उरत नाही, झोप व भूक बिघडते, देह जड होतो, आपण निरुपयोगी आहोत असे वाटते, त्याने वैद्यकीय तपासणी करून घेतलीच पाहिजे. कंठग्रंथीचा विकार किंवा काही जीवनसत्त्वांची उणीव असताही अशीच लक्षणे दिसतात, तीही तपासली जातात. रायपूरकरांस आज अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत व डॉ. आंबेडकर रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. बिलासपूरजवळ सेंदरी येथे राज्याचे मानसिक चिकित्सालय आहे. तरीही वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे आढळले की या विकाराच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे 85 जण उपचारावाचूनच राहतात. केवळ उपचार नाही म्हणून नव्हे. पुष्कळदा कोणी काय म्हणेल म्हणून.

औषधाचा गुण येण्यास सामान्यतः दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही वाटले नाही म्हणून पुष्कळजण ते टाकून देतात, आणि बरे वाटू लागताच तर त्याहून अधिक जण टाकतात. बरे वाटल्यानंतरही ते अनेक महिने वैद्याच्या सल्ल्याने चालू ठेवावे लागते, आणि थांबवायचे तेही हळूहळू. तज्ज्ञाशी ठरवून केलेल्या संभाषणाच्या उपचाराचाही उत्तम गुण येतो. व्रतस्थ गृहस्थांनी एक ध्यानी ठेवावे की औषध चालू असताना कडक उपवास वैद्यास विचारल्यावाचून करू नयेत. भगवंतांनी सहाव्या अध्यायात अतिभोजनाबरोबर अनशनाचाही, आणि अतिनिद्रेबरोबर जागरणाचाही निषेध केला आहे. ठरल्या वेळी उठणे, सकाळच्या उन्हात बुढ्या तलावापर्यंत का होईना चालत जाणे, चार घास वेळेवर खाणे, मद्यापासून दूर राहणे, ही दिनचर्या सामान्य दिसते. विषादग्रस्तासाठी ती तपश्चर्या आहे आणि तिच्यात त्यास कोणीतरी सोबत करावी लागते. नामस्मरण होईल तेवढे करावे. न झाले तर त्याचा अपराध मानू नये. मातेच्या कडेवर निजलेल्या बाळाने तिला हाक मारली नाही म्हणून ती त्यास खाली टाकीत नाही.

ज्या मातेस वाटते की आपले दुखणे दाबून ठेवले म्हणजे मुलांवर त्याची छाया पडणार नाही, तिने एक गोष्ट जाणून घ्यावी. 2006 मध्ये अमेरिकेत मिर्ना वाइसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या मातांच्या मुलांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ज्या माता तीन महिन्यांत बऱ्या झाल्या, त्यांच्या मुलांचेही मनोविकार कमी झाले. मुलांना त्या काळात काही औषध दिले म्हणून हे घडले नव्हते. आई बरी झाली, एवढेच. कुळातून जसा विषाद उतरतो तसे स्वास्थ्यही उतरते, आणि म्हणून स्वतःचा उपचार करून घेणे हे गृहिणीच्या स्वार्थाचे नव्हे, तिच्या कुळधर्माचे अंग आहे.

विवाहसंबंध जुळविताना मात्र भल्याभल्यांचे धैर्य सुटते. मुलीचे औषध चालू आहे हे लपविले जाते. लग्न होते, नव्या घरी गोळ्या कोठे ठेवाव्यात, कोणी पाहिले तर काय सांगावे, या भीतीने ती औषध बंद करते. सहा महिन्यांत विकार उलटतो, आणि मग फसवणूक झाली असे दोन्हीकडचे म्हणतात. त्यात सर्वांत मोठी फसवणूक त्या मुलीची झालेली असते. मधुमेह किंवा दमा जसा सांगतात तसे हे स्पष्ट सांगावे, उपचार चालू आहे आणि प्रकृती ठीक आहे हेही सांगावे. एखादे स्थळ परत जाईल. ते जाण्याने मुलीचे अकल्याण झाले असे समजण्याचे कारण नाही. वरपक्षानेही 'घराण्यात काही आहे का' असे विचारताना आपल्या घराण्याकडे एकदा दृष्टी टाकावी. ज्या कुळात तीन पिढ्यांत एकही माणूस असा खचला नाही, असे कुळ शोधून सापडणे कठीण.

आता तात्यापाऱ्यातील त्या घराकडे वळावे. तो पंचविशीचा मुलगा पहाटे छताकडे पाहत पडला असेल, आणि त्याच्या मनात जगणे नको असा विचार डोकावला असेल, तर ती गोष्ट एका रात्रीचीही उपेक्षा करण्याजोगी नाही. अशा घटना कुळात झाल्या असतील तर दुप्पट सावधगिरी बाळगावी. 'तुझ्या मनात मरणाचे विचार येतात का?' असे स्पष्ट विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. विचारणारा कोणी भेटला या जाणिवेने पुष्कळदा ओझे हलके होते. त्यास एकटे ठेवू नये आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. 2022 पासून शासनाची 'टेली मानस' सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र मिळते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर असा यत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असेच मानावे आणि त्यास शिक्षा नव्हे, सेवा मिळावी, असे ठरविले आहे.

आणि वडील? त्यांनी त्या मुलाजवळ जाऊन बसावे. आजवर जे कोणास सांगितले नाही ते, म्हणजे त्यांच्या त्या चार-सहा महिन्यांत त्यांस काय वाटत असे ते, त्यास सांगावे. हा उपदेश ज्यास ऐकू येणार आहे, त्याला तो वडिलांइतका दुसऱ्या कोणाच्या मुखातून ऐकू येणार नाही. पुढे कधी तो विषाद परत आला, तर सर्व फुकट गेले असे दोघांनीही मानू नये. आश्वमेधिक पर्वात अर्जुन श्रीकृष्णास म्हणतो की रणांगणावर जे सांगितलेस ते मी विसरलो. भगवंतांस ते आवडले नाही. तू नीट लक्ष दिले नाहीस असे त्यांनी बोलूनही दाखविले. त्यावेळी जे बोललो ते तसेच्या तसे आता सांगता येणार नाही, असेही ते म्हणाले. आणि मग ते त्याच्याजवळ बसले व एका प्राचीन संवादाने त्यांनी पुन्हा सांगावयास आरंभ केला.